पाचनंतर सात

व्हॅक्युमचं नळकांडं सीटखाली घातलं आणि माझं कोपर टेपच्या बटणाला लागलं. झालं ते एवढंच. गिऱ्हाइकाच्या गाडीतला टेप लावायचा नाही, बॅटरी उतरली की बोंबलतात, असं मालकानं पहिल्याच दिवशी सांगितलंय. म्हणून बंद करायला बोट पुढं नेलं आणि ते तिथंच हवेत राहिलं. टेपच्या छोट्या काचेवर निळ्या अक्षरांत नावं वर सरकत होती. एक, निघताना. दोन, चढाला. तीन, झोप आली तर. चार, रुसलीस तर. पाच, एकट्याला. सात, परत येईपर्यंत. बाहेर माझ्या जोडीला कामाला असलेला पोरगा, बुटक्या, गाडीवर फेस मारत होता, त्यामुळे सगळ्या काचा पांढऱ्या झाल्या होत्या आणि आत मी आणि ती निळी नावं, बाकी काही नाही. मला आधी काय वाटलं ते सांगायचीही लाज वाटते. मला वाटलं ही बाबांची गाडी आहे. मी खरंच सीटच्या पाठीला नाक लावून वास घेतला. तंबाखू, डिझेल, कुणाचं तरी खोबरेल. बाबांना तर डोक्याला तेल लावलेलं खपायचंच नाही. तरी मी दोनदा घेतला वास. मग समोरच्या काचेवरचा फेस ओघळला आणि पलीकडे टपरीपाशी या गाडीचा ड्रायव्हर दिसला, पांढऱ्या मिशांचा, चहात बिस्कीट बुडवून ते तोंडात जायच्या आधी तुटेल का या काळजीत वाकलेला. बाबा नव्हते. बाबांच्या बापाच्या वयाचा माणूस होता.

ही नावं मला तोंडपाठ आहेत. शाळेत एक कविता पाठ झाली नाही, पण ही झाली. बाबा माल पोचवायची गाडी चालवायचे. मी तिसरीत असताना ते गेले. मेले नाहीत, गेले. आधी त्यांचं जाड जाकीट गेलं, मग दाढीचं सामान, मग चांगले बूट, आणि एक दिवस त्यांच्यामागोमाग तेही गेले. मागं राहिला तो तडा गेलेला जुना फोन आणि त्यातलं कार्ड. कार्डात गाणी. गाण्यांची सहा फोल्डरं, पण शेवटच्याचा नंबर सात. बाबा कमी बोलायचे. जेवलीस का, झोप आता, दार लाव, एवढंच. अशा माणसानं 'रुसलीस तर' असं नाव लिहिलंय हे बघितल्यावर मला वाटायचं की माणूस आत वेगळाच होता, फक्त आम्हालाच तो दिसला नाही. आई रुसायची तेव्हा ते खाली गाडीत जाऊन बसायचे, ते हे ऐकायला असणार. आणि 'परत येईपर्यंत'. ते शेवटचं. ते कुणासाठी लिहिलं असेल? घरात वाट बघणारी दोनच माणसं होती, आणि आईनं तर वाट बघणं महिनाभरातच सोडलं. फोल्डरांच्या बाहेर, सगळ्यात खाली, एक फाईल होती जिला नावच नव्हतं, नुसती टिंबं. ती फोनवर उघडायची नाही. 'फाईल चालत नाही' असं यायचं. मी ती दाबून फोन कानाला लावायची, चालत नसली तरी. काहीतरी खरखरल्यासारखं वाटायचं. ते माझंच कानातलं रक्त असणार.

बुटक्यानं बाहेरून काचेवर थाप मारली. "झोपलीस काय गं आत? दुसरी गाडी लागलीय!" मी "मर" म्हटलं. ते त्याला ऐकू गेलं नाही, म्हणून नळकांडं काचेवर आपटून दाखवलं.

आजच असं व्हायचं होतं. आज संध्याकाळी चष्मेवाला त्याचा कंप्युटर त्याच्या बहिणीकडे ठेवायला नेणार होता. चष्मेवाला म्हणजे आईचा नवरा. आई दवाखान्यात नाव लिहून घ्यायच्या टेबलावर बसते आणि तो त्याच्या खालच्या औषधांच्या दुकानात आहे. जिन्यावर भेटता भेटता त्यांचं जमलं, आणि गेल्या वर्षी तो दोन बॅगा, एक कंप्युटर आणि दोन स्पीकर घेऊन आमच्याकडे राहायला आला. मी त्याला हाक मारत नाही. हाक मारायची वेळ आली की खाकरते, नाहीतर आईला हाक मारते. तो मात्र माझ्याशी पहिल्या दिवसापासून सरळ बोलतो, लाडात पण नाही, धाकात पण नाही, काउंटरवर बोलतात तसा. आणि नीटनेटका किती असावा माणसानं! मिठाच्या बरणीला चिठ्ठी, साखरेच्या बरणीला चिठ्ठी, प्रत्येक वायरीला चिठ्ठी. मी एकदा त्याच्या चपलांना 'डावी' आणि 'उजवी' अशा चिठ्ठ्या लावून ठेवल्या, तर तो चिडला नाही. म्हणाला, "अक्षर चांगलं आहे तुझं." त्याची गाणी पण तशीच. आधी गाणाऱ्याचं नाव, मग गाण्याचं, मग साल. सगळी एका ओळीत, गोळ्यांच्या पाकिटांसारखी. रविवारी सकाळी तो ती हळू आवाजात लावायचा आणि मी भिंतीपलीकडे डोक्यावर उशी घेऊन पडायची. ऐकायचं नाही म्हणून.

बाबांचं कार्ड मरायला लागलं होतं. गाणी मध्येच तुटायची. आईनं मला न विचारता ते त्याला दिलं, "एवढी वाचवून द्या हो" म्हणून. त्यानं वाचवली. त्याच्याकडे असा प्रोग्राम आहे जो गाणं ऐकून ते कुणाचं ते शोधतो आणि बरोबर नाव देतो. म्हणजे 'रुसलीस तर' गेलं, 'एकट्याला' गेलं, आणि जिकडंतिकडं गाणारे आणि सालं. त्यानं ती घरातल्या जुन्या लॅपटॉपवर टाकून दिली, आणि मी तो उघडला तेव्हा बाहेर जेवणं चालली होती. त्याची बहीण आली होती, पहिल्यांदाच राहायला. मी बाहेर आले आणि मला पुढचं सगळं नीट आठवत नाही, आठवतं ते तुकड्यांत. पाण्याचा तांब्या लवंडलेला. आईचा हात माझ्या दंडावर. मी म्हणतेय, "माझ्या बापानं स्वतःच्या हातानं लिहिलेली नावं पुसली यांनी!" त्यानं घास खाली ठेवला आणि म्हणाला, "नावं परत देता येतील. तुला आठवत असतील तर सांग, मी लिहितो." हे इतकं शांतपणे म्हणाला की मला ते टोचलं. मला भांडण हवं होतं आणि तो औषध देत होता. म्हणून मी म्हणाले, "आणि सहावं? सहावं कुठाय? पाचनंतर सात आहे, सहावं तुम्ही उडवलंत!" तो म्हणाला, "काय नाव होतं त्याचं?" आणि माझ्या तोंडातून ते आलं. विचार केला नव्हता. तयार असल्यासारखं आलं. "माझ्या लेकीला."

मग त्याची बहीण म्हणाली, "असा कसा रे तू? पोरीचं एवढं एकच होतं." आई त्याच्याकडे अशी बघायला लागली की त्याच्या जागी मी असते तर ताट फेकलं असतं. तो म्हणाला, "चुकलं असेल माझं." असेल. आयुष्यात ज्याची एक गोळी इकडची तिकडं झाली नाही तो माणूस, स्वतःच्या बहिणीसमोर. मग रोज संध्याकाळी मी सांगायची आणि तो टाइप करायचा. एक, निघताना. दोन, चढाला. एकेक गाणं उचलून त्या त्या फोल्डरात परत. सहाला आल्यावर त्यानं विचारलं, "यात कुठली गाणी होती?" मी म्हणाले, "मला काय विचारता? घालवलीत तुम्ही." त्यानं 'माझ्या लेकीला' लिहिलं, एकदा वाचलं, आणि पुढं गेला. त्यानंतर रविवारी गाणी लागली नाहीत. घरात कुणाचीच लागली नाहीत. आणि परवा त्यानं आईला सांगितलं की कंप्युटर बहिणीकडे ठेवतो, "तिच्या गाण्यांत माझी मिसळायला नकोत." आई काल भांडी घासताना माझ्याकडे न बघता म्हणाली, "उद्या वस्तू जातेय, परवा माणूस जाईल. एकदा बघितलंय मी. आधी वस्तूच जातात." मी म्हणाले, "जाऊ दे की." भांडं जोरात आपटलं तिनं. माझ्या डोक्यात आपटायचं ते ओट्यावर आपटलं.

टपरीवाल्याचे पैसे देऊन म्हातारा ड्रायव्हर आला आणि त्यानं दार उघडलं. फेसाचं पाणी आत आलं. "काय गं पोरी, गाणी ऐकतेयस होय?"

"चुकून लागलं, मामा."

"मग राहू दे की. चांगली आहेत."

"नावं कुणी दिली यांना?"

"कशाला?"

"ह्यांना. ह्या गाण्यांना. म्हणजे ही नावं कुणी लिहिली?"

त्यानं वाकून काचेकडे बघितलं, डोळे बारीक करून, जणू काही इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. "निघताना... चढाला... अरे वा. मी कशाला वाचतोय? बटण दाबलं की वाजतं. नाक्यावर एक मोबाइलवाला होता, तो द्यायचा भरून. आमच्या सगळ्या ड्रायव्हर लोकांकडे हेच. एकाच्या गाडीतून उतरून दुसऱ्याच्या गाडीत बसलं ना, तर गाणं तिथूनच पुढं." तो हसला. "लई डोकं होतं त्याला. ज्याला ज्या वेळी जे लागेल ते."

"सहा नंबर का नाही मग?"

"नसेल टाकला. तो काय शाळामास्तर होता? पाचपर्यंत मोजलं हेच पुष्कळ."

बुटक्या पाइप बंद करून मान आत घालत म्हणाला, "आमच्या बाईसाहेब आज मोजायला लागल्या! शाळेत मोजलं असतंस तर इथं फडकी पिळत बसली नसतीस." एरवी मी ओलं फडकं त्याच्या तोंडावर मारलं असतं. शाळेत एका पोरीला 'तुझा बाप पळाला' एवढं म्हटल्याबद्दल डस्टर फेकून मारलं होतं, तिथूनच तर शाळा संपली. आज हात उठला नाही. बुटक्या वाट बघत राहिला फडक्याची. "काय झालं गं?" तो म्हणाला, वेगळ्या आवाजात, आणि तो आवाज मला जास्त लागला.

"थांब, शेवटी तो स्वतः बोलतो, ते ऐक," म्हातारा म्हणाला आणि त्यानं बटण दाबत दाबत पार खाली नेलं. काचेवर नाव नव्हतं. टिंबं होती. मला म्हणायचं होतं, नको. खरखर झाली, आणि एक माणूस, नाकात बोलणारा, खूश, मागं कुणाचा तरी हॉर्न: "गाणी संपली काय भाऊ? मग या की परत. नाक्यावर आपलंच दुकान. कव्हर, चार्जर, गाणी भरून मिळतील. सावकाश जा, घरी कुणीतरी वाट बघतंय."

म्हातारा शेवटचं वाक्य त्याच्याबरोबरच बोलला, त्याच नाकातल्या आवाजात, आणि बुटक्या खो खो हसला. मी पण हसले बहुतेक. माझं तोंड तसं झालं होतं.

घरी चालत आले. कानाच्या पाळ्या तापल्या होत्या, आणि मला वाटत होतं रस्त्यावरच्या प्रत्येक गाडीत तेच लागलंय, सगळे ड्रायव्हर काचा वर करून माझीच नावं वाचतायत. बाबांचा राग यायला हवा होता. येत नव्हता. बाबांनी काय केलं, दुकानातून गाणी भरून घेतली आणि ऐकली, आवडली असतील. त्यांनी कुठं म्हटलं होतं की हे मी लिहिलंय? ते मी म्हटलं. मला दुसरंच काहीतरी चावत होतं. गाडीत ती निळी नावं सरकत असताना, पाचनंतर, एक क्षण, मी सहाची वाट बघितली होती. मीच बनवलेल्या सहाची. त्या म्हाताऱ्याच्या गाडीत ते असतं तर मला आनंद झाला असता की मी त्याच्या हातातलं बिस्कीट फेकून दिलं असतं, माहीत नाही. पण नव्हतं. बाकी सगळं सगळ्यांकडे होतं. ते तेवढं कुणाकडेच नव्हतं, आमच्या घराशिवाय. आणि ते बाबांनी लिहिलं नव्हतं. मी पण लिहिलं नव्हतं, मी नुसती खोटं बोलले होते. अक्षरं दाबणारी बोटं चष्मेवाल्याची होती.

दारात आई म्हणाली, "बूट बाहेर. सगळी भिजलीयस. पुसून घे आधी."

"ते कुठायत?"

"ते म्हणजे कोण?" हे ती वर्षभर विचारते. आज तिच्या आवाजात दम नव्हता.

"आई."

"आत आहेत. गुंडाळतायत."

तो जमिनीवर मांडी घालून वायरींची वेटोळी करत होता, प्रत्येक वेटोळ्याची चिठ्ठी वर येईल अशी. खोका उघडा होता. स्पीकर जुन्या चादरीत गुंडाळून झाले होते, पण कंप्युटर अजून टेबलावर होता, चालू. "आलीस? तुझं सगळं लॅपटॉपवर टाकलंय," तो म्हणाला. "एकदा बघून घे माझ्यासमोर. नंतर काही राहिलं असं नको व्हायला." त्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. मी ओल्या कपड्यांनीच खुर्चीवर बसले आणि लॅपटॉप उघडला. एक, निघताना. सगळं होतं. सहा मी लिहायला लावल्यापासून कधी उघडलं नव्हतं, उघडायची हिंमतच नव्हती. आज उघडलं. मला वाटलं रिकामं असणार. आत एक फाईल होती. गाणं नव्हतं, नुसती फाईल, आणि तिचं नाव होतं: 'रिकामं आहे. पुसू नये.'

"हे काय?"

त्यानं चष्मा वर सारून बघितलं. "ते होय. माझा तो प्रोग्राम रिकामं फोल्डर दिसलं की उडवतो. साफसफाई म्हणून. रोज उडवायचा, रोज मी परत करायचो. मग म्हटलं आत काहीतरी ठेवलेलं बरं. चिठ्ठीसारखं."

रोज. मी तिकडं तोंड फिरवून, आणि हा इकडं रोज, माझं खोटं पुसलं जाऊ नये म्हणून.

"कार्डावर सहावं नव्हतंच," मी म्हणाले. आवाज भांडल्यासारखा आला. माझा दुसरा आवाज मला सापडत नाही.

त्याचा हात वायरीवर थांबला. "हं."

"तुम्हाला माहीत होतं."

"हात लावायच्या आधी मी कार्डाची जशीच्या तशी एक प्रत उतरवून ठेवतो. सवय आहे."

"आणि ती जाहिरात? टिंबांची?"

"ती ऐकली होती." त्यानं चष्मा काढून शर्टाला पुसला. चष्म्याशिवाय त्याचे डोळे लहान, लाल आणि कुणाचेही वाटतात. "ती 'इतर'मध्ये ठेवलीय. लागली तुला तर."

म्हणजे जेवायला बसलो होतो तेव्हा. मी किंचाळत होते आणि त्याची बहीण म्हणत होती असा कसा रे तू, तेव्हा त्याच्याजवळ ते सगळं होतं, नावांसकट, तरी मला 'तू सांग' म्हणाला होता. एक बटण. नाकात बोलणारा माणूस सगळ्यांसमोर बोलला असता, कव्हर, चार्जर, आणि मी तिथंच संपले असते. मी असते तर लावलं असतं. आवाज मोठा करून लावलं असतं. "मग सांगितलं का नाही?" मी विचारलं. "त्यांच्यासमोर?"

"तू सांगितलंस, मी लिहिलं," तो म्हणाला. चष्मा परत लावला आणि वायरीचं वेटोळं पुरं करायला लागला.

खाली हॉर्न वाजला. बहीण आली होती गाडी घेऊन. आई दारात येऊन उभी राहिली, हातात पोळपाट तसाच. चष्मेवाला उठला, गुडघ्यावर हात देऊन, आणि त्यानं कंप्युटर बंद करायला माउस धरला. मला माफी मागायची होती. ती कशी मागतात मला माहीत आहे, लोक मागतात, तोंड उघडून शब्द म्हणतात. मी उठले आणि त्याच्या दुसऱ्या हातातली वायर हिसकावून घेतली. रागानंच. चिठ्ठी फाटून माझ्या मुठीत आली. 'स्पीकर, डावा.'

"अगं!" आई म्हणाली.

"लावा परत," मी म्हणाले.

"काय?"

"हे. जिथं होतं तिथं. आणि गाणं लावा."

त्यानं माझ्याकडे बघितलं, मग आईकडे, मग खोक्याकडे. खाली परत हॉर्न. त्यानं चादर सोडली, एक स्पीकर टेबलावर ठेवला, माझ्या हातातून वायर घेतली आणि लावली, एवढ्या हळू की जणू ती दुखत होती. मग माउस हलवला. पडद्यावर त्याची गाणी आली. गाणाऱ्याचं नाव, गाण्याचं नाव, साल. ओळींवर ओळी, खाली जात जात, संपतच नव्हत्या.

"कुठलं लावू?"

मी वाचायला लागले. एका नाक्यावरच्या मोबाइलवाल्याची सगळी नावं मला झोपेत म्हणता येतात. हा माणूस वर्षभर भिंतीपलीकडे दर रविवारी हे लावत होता, आणि यातलं एक. एकही.

"मला नाव नाही माहीत," मी म्हणाले.

"चाल?"

मी खाली बघत होते, मुठीतल्या चिठ्ठीकडे. घामानं शाई बोटांना लागली होती. हॉर्न वाजत राहिला आणि आई खिडकीशी जाऊन कुणाला तरी हातानं थांब थांब करत होती. मी गुणगुणायला लागले. उशीतून जेवढं आलं होतं तेवढंच, अर्धं, आणि तेही चुकलं. तो हसला नाही. त्यानं मान तिरकी करून कान पुढं आणला, आणि पडद्यावर बोट ठेवून वरून एकेक ओळ बघायला लागला.

"परत," तो म्हणाला.